आउटबोर्डच्या गिअरकेसमधलं तेल नेमकं जातंय कुठनं

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागं टांगलेलं इंजिन, आणि गिअरकेस म्हणजे त्याच्या तळाचा, पंखा फिरवणाऱ्या गिअरांचा तेलानं भरलेला डबा. त्या इंजिनाच्या बुडाखाली काळं तेल ठिबकायला लागलं की सगळे एका सुरात बोलतात, सील गेलं, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी गेली. गेलंही असेल, पण जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला असं धरून चालायचं नसतं, आधी ते तेल गिअरचं आहे का हेच बघायला पाहिजे. या इंजिनांचा धूर बहुतेक वेळा पंख्याच्या मधल्या हबमधनं पाण्याखाली सोडलेला असतो, आणि टू-स्ट्रोक म्हटल्यावर पेट्रोलात ऑइल आलंच. त्यातलं न जळलेलं थोडं ऑइल वरच्या पाइपात साठून राहतं आणि इंजिन उभं करून ठेवलं की हबमधनं खाली उतरतं. काळं, पातळ, पेट्रोलचा वास मारणारं. त्यात आमच्याकडची पोरं इंजिनाची काळजी म्हणून पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइलच्या जागी अंदाजानं बदाबदा ऑइल ओततात, मग तर विचारू नका. गिअरचं तेल जाड असतं, दोन बोटांत धरलं तर तार सुटते आणि वास उग्र, गंधकाचा, एकदा नाकात गेला की परत ओळखायला चुकत नाही. त्यामुळं पयलं काम फुकटचं आहे, फडक्यानं सगळं लख्ख पुसा, रातभर खाली पुठ्ठा टाकून ठेवा, आणि सकाळी वास घ्या.

आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मामांच्या तरुण मंडळाचं इंजिन. मामांचं गाव कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या अंगाला, म्हणजे पंचगंगा फुगली की पहिलं पाणी त्यांच्याच दारात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फूट ७ इंच गेली होती आणि २०२१ च्या जुलैत त्याच्याही वर, ५६ फूट ३ इंच. ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे तिकडच्या शाळकरी पोरांना बी पाठ असतात. तर २०१९ नंतर मंडळानं वर्गणी काढून एक बोट आणि कोकणातनं एक जुनं इंजिन घेतलं, जपानी, दोन सिलेंडरचं, टू-स्ट्रोक. वरचा भाग एकदम ओके, दोन दोऱ्यांत चालू होतंय. पण खालच्या गिअरकेसमधलं तेल दर पावसाळ्याला दुधाळ होतं आणि कमी बी होतं. मधी कुणीतरी मिस्त्रीनं सील बदलून दिली, पैसे घेतले, आणि पुढच्या मोसमाला परत तेच. मामा मे महिन्यात इंजिनाची शेपटीच, म्हणजे खालचा गिअरकेसचा भाग, छोट्या हत्तीत टाकून कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडवर घेऊन आले. माझं काम ग्राइंडिंगचं, लेथ आहे, बोटीचा आणि माझा संबंध रंकाळ्यात पायडल मारण्यापुरता. पण शाफ्ट, सील आणि बेअरिंग हे सगळीकडं सारखंच असतं हो.

"ह्येला नवीन सील टाक आन् दे, पाऊस तोंडावर आलाय," मामा म्हणाले.

"मामा, सील टाकतो, पण आधी भोक कुठं आहे ते तरी बघू दे की."

एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं जातं. गिअरकेसमधनं तेल बाहेर येणं आणि पाणी आत जाणं हे एकाच भोकातनं होतं, फक्त वेळ वेगळी असते. इंजिन चालताना गिअर आणि तेल गरम होतं, आतली हवा फुगते, दाब वाढतो आणि जिथं फट असेल तिथनं तेल ढकललं जातं. मग इंजिन बंद केलं की तेच गरम गिअरकेस गार पाण्यात बुडालेलं असतं, आतलं आकसतं, आणि त्याच फटीतनं पाणी ओढलं जातं. म्हणून थांबत थांबत चालवलेल्या बोटीचं तेल जास्त लवकर खराब होतं, आणि पुराच्या बोटी चालतात तशाच, या वाड्यावर थांब, त्या गोठ्यापाशी थांब, म्हातारीला उतरव, परत चल.

पाणी शिरलंय का हे बघायला काही खोलायला लागत नाही. इंजिन रातभर सरळ उभं ठेवायचं आणि सकाळी खालचा ड्रेन प्लग नुसता ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसलेलं, त्यामुळं आधी तेच येतं. ह्यात तर थेंब थेंब पाणी आलं आणि मग दूध जास्त झालेल्या चहागत तेल. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याच्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असली तर घाबरायचं नाही, जुन्या गिअरला तेवढी झीज असतेच. टोचणारे पत्रे, कण, चकत्या दिसल्या तर मग विषय गिअरचा झाला, सीलचा राहिला नाही. आमच्याकडं नुसती पेस्ट होती. मामांना तेवढं सांगितल्यावर त्यांनी बाहेर जाऊन चहा सांगितला.

ड्रेन प्लगवरनं आठवलं. वरच्या आणि खालच्या दोन्ही प्लगखाली एक बारका वॉशर असतो, फायबरचा नाहीतर रबरी. तो दर वेळी नवा घालायचा असतो आणि तो कुणीच घालत नाही, कारण दहा-वीस रुपयांच्या वस्तूकडं बघतंय कोण. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट दबत नाही. ह्यात तर खालच्या प्लगखाली वॉशरच नव्हता, त्याऐवजी वरनं एम-सीलचा गोळा थापला होता. एम-सील टाकीला लावा, पाइपला लावा, बादलीला लावा, पण जो प्लग दर वर्षी काढायचाय त्याला लावणाऱ्याला काय म्हणावं.

आता दाबाची टेस्ट. खरं सांगायचं तर सगळ्या कामाचा जीव ह्याच्यातच आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही, कारण सील बदलल्याचे पैसे मिळतात, टेस्टचे कोण देतंय. तेल पूर्ण काढलं. एका जास्तीच्या प्लगला लेथवर मधनं आरपार भोक मारलं आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह ब्रेझ करून घेतला. झालं, टेस्टचा अडाप्टर तयार. वरचा प्लग नव्या वॉशरवर घट्ट केला, खालच्या जागी हा बसवला आणि मीटरवाला फूटपंप लावला. १० ते १५ पीएसआयच्या वर जायचं नाही हं, कंप्रेसर तर अजिबात लावायचा नाही. ह्या सीलांना जास्त दाब सोसत नाही, चांगलं सीलसुद्धा ओठ उलटून मोकळं होतं, आणि मग तुम्हीच केलेली गळती तुम्हीच शोधत बसता.

शेडवर पाण्याचं पिंप लहान पडलं म्हणून शेपूट परत मामांच्या गावी नेलं आणि गोठ्यातल्या म्हशींच्या हौदात बुडवलं. वैनी म्हणजे मामी वरनं ओरडत होत्या की तेल लागलेलं पाणी म्हशी पिणार न्हाईत, पण आधी धुऊन-पुसून घेतलं होतं. दाब दिला, काटा बारावर. थांबलो. बुडबुडा नाही. मामांचा चेहरा बघण्यासारखा, म्हणजे गळतच न्हाई की काय. काटा जाग्यावरच. नुसतं ठेवून बघणाऱ्यानं इथं "ओके आहे" म्हणून शिक्का मारला असता. मग मी पंख्याचा शाफ्ट हातानं हळू फिरवला. अर्ध्या फेऱ्यात मागच्या बाजूनं मोत्यांची माळ सुटावी तशी बुडबुड्यांची रांग आली, आणि थांबवला की बंद. परत फिरवला, परत तिथंच. काटा सात-आठवर उतरला. वरच्या, इंजिनाकडनं खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टला फिरवलं, तिथं काही नाही. गिअर टाकायचा रॉड पुढं-मागं केला तर त्याच्या मुळाशी एक बारका बुडबुडा, सावकाश, फुगून सुटायचा आणि परत दुसरा यायचा. म्हणजे जागा दोन, एक मोठी आणि एक लपलेली. आधीच्या मिस्त्रीनं मोठीवर नवीन सील टाकून बी ती गळत होती, आणि लपलेल्या जागेला त्यानं हातच लावला नव्हता.

शाफ्ट थांबलेला असताना दाब धरतंय आणि फिरवल्यावर सोडतंय म्हणजे दोष सीलपेक्षा शाफ्टच्या अंगात असतो, मी रोज हाच धंदा करतो त्यामुळं तेवढं हौदापाशीच कळलं. पंखा काढला. स्प्लिट पिन, नट, वॉशर, आणि त्याच्या मागं थ्रस्ट वॉशरच्या फटीत तंगूस. गळाची तंगूस हो, नायलॉनची, कोणतरी घाटावर बसून तोडून टाकलेली, ती पंख्यानं ओढून घेतलेली आणि गुंडाळून गुंडाळून घट्ट कडं झालेलं, उष्णतेनं अर्धवट वितळलेलं. ब्लेडनं कापून काढायला लागली. ही तंगूस सीलच्या ओठाखाली घुसते आणि करवतीसारखं काम करते. पुरात तर पाचट, ठिबकच्या नळ्या, साड्या, काय काय येतं पंख्यात, पण त्या मोठ्या गोष्टी दिसतात आणि माणूस काढतो. तंगूस दिसत नाही. दर वेळी पाणी ओसरल्यावर पंखा काढून मागं बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे, आणि स्प्लिट पिन नवी घालायची.

पुढं कॅरिअर काढणं. पंख्याच्या शाफ्टचं मागचं बेअरिंग आणि दोन्ही सील ज्या गोल हाउसिंगमध्ये बसतात ते म्हणजे बेअरिंग कॅरिअर. इंजिन कोकणातलं, खाऱ्या पाण्यात वर्षं काढलेलं, त्यामुळं कडेनं पांढरी पावडर धरून जाम बसलेलं. इथं माणसं छिन्नी घालतात. घालू नका. गिअरकेस अॅल्युमिनियमचं, कड फुटली की ओ-रिंगची, म्हणजे गोल रबरी कडीची, बैठक गेली आणि ती कुणाच्या बापाला नीट करता येत नाही. दोन बोल्ट होते, ते आधी गंजतेल मारून, गरम करून, थोडं उघड थोडं परत आवळ असं करत करत सोडवले, एकदम जोर लावला असता तर मुंडी हातात आली असती. मग भंगारातल्या जाड पट्टीचा पुलर केला. आडवी पट्टी, दोन बाजूला दोन हुक कॅरिअरच्या आतल्या कण्यांना अडकवायचे, आणि मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर टेकवून आवळायचा, टोकाचे आटे खराब होऊ नयेत म्हणून शाफ्टवर नट चढवून ठेवायचा. ताण देऊन ठेवला, बाहेरनं हाउसिंगला बर्नर फिरवत गरम केलं, लाल-बिल नाही, हात लावला तर चटका बसेल एवढंच. कट्ट असा आवाज आला आणि कॅरिअर केसभर सरकलं. तेवढं सरकलं की पुढं हातानं निघतं. आत पातळ शिम, म्हणजे अंतर भरायच्या चकत्या असतात, त्या निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा, कारण गिअरचं सगळं अंतर त्यांच्यावर बांधलेलं असतं.

शाफ्ट धुतला आणि उन्हात धरला. सीलचा ओठ जिथं घासतो तिथं सगळीकडनं एक चकचकीत रेघ. नख फिरवलं, नख अडकलं. बस, इथं गळत होतं. नवीन सीलचा ओठ नेमका जुन्याच खाचेत जाऊन बसला होता. लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल लावला, शाफ्ट वाकलेला नव्हता, काटा जरासा थरथरला एवढंच. वाकलेला असता तर दुसरा शाफ्ट बघायला लागला असता.

खाचेचं काय करायचं यावर आमच्या शेडवर चहा संपेपर्यंत वाद झाला. शेजारचा लेथवाला म्हणाला पॉलिश पेपर मारून गुळगुळीत कर. हे सगळ्यात वाईट. एक तर व्यास आणखी कमी होणार, आणि दुसरं म्हणजे पेपर सरकवत मारला की शाफ्टवर डोळ्याला न दिसणारे मळसूत्री ओरखडे पडतात, आणि शाफ्ट एका दिशेला फिरला की तेच ओरखडे पंपासारखे तेल बाहेर काढतात. म्हणून सीलची जागा ग्राइंडिंगला चाक न सरकवता सरळ आत नेऊन घासतात. दुसरा म्हणाला हार्ड क्रोम कर, हायड्रॉलिकच्या रॉडला रोज करतोय की आपण. खरंय, पण हा शाफ्ट स्टेनलेसचा, त्याच्यावर क्रोम धरायला तयारी वेगळी लागते, नीट धरला नाही तर सोलतो, आणि सोललेल्या क्रोमच्या कडेनं सील किती दिवस टिकणार. स्टेनलेसची पातळ स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर घट्ट बसणारी नळी, चढवायची हा पर्याय एकदम चांगला, पण त्या मापाची मागवायला लागणार होती आणि मामांना पाऊस दिसत होता.

मग सगळ्यात सोपं केलं. सीलच घासायच्या जागेवरनं हलवलं. कॅरिअरमध्ये सीलची बैठक किती खोल आहे हे व्हर्नियरनं मोजलं, बाहेरच्या सीलच्या पुढं जागा शिल्लक होती. दीड मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची रिंग टर्न केली आणि आतल्या सीलच्या मागं टाकली, म्हणजे दोन्ही सील दीड मिलिमीटर बाहेर सरकली आणि ओठ कोऱ्या, न झिजलेल्या पट्ट्यावर आले. दोन गोष्टी मात्र तपासून बघायच्या, रिंगनं बेअरिंगला तेल जायची वाट अडत नाही ना, आणि बाहेरचं सील थ्रस्ट वॉशरला घासत नाही ना. हे पुढच्या वेळी परत करता येणार नाही, तेव्हा स्लीव्हच चढवावी लागेल, ते मामांना तेव्हाच सांगितलं.

सील उद्यमनगरातच बेअरिंगच्या दुकानात मिळाली. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये, ते दाखवले की काम होतं, बोटीचं इंजिन म्हटलं की दुकानदार उगाच घाबरतो. पण जुनी सील उपसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा की कुठलं कुठल्या तोंडानं बसलंय. सीलच्या ज्या बाजूला बारकी गोल स्प्रिंग दिसते ती बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडं ठेवायची. ह्या इंजिनात आतलं सील तेलाकडं तोंड करून होतं आणि बाहेरचं पाण्याकडं, म्हणजे एक तेल राखणार आणि एक पाणी. काही मॉडेलमध्ये दोन्ही सील पाण्याकडंच तोंड करून असतात, त्यामुळं ऐकीव माहितीवर बसवायची नाहीत. दोन्हींच्या मधल्या पोकळीत पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरलं. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाकडच्या दातऱ्यांवर, सेलोटेप गुंडाळला, नाहीतर नवीन सीलचा ओठ बसवतानाच तिथं कापला जातो आणि सगळं मुसळ केरात. कॅरिअरची ओ-रिंग नवी, ग्रीस लावून. बोल्टांना बी ग्रीस, म्हणजे पुढच्या माणसाच्या शिव्या वाचतील.

गिअरच्या रॉडच्या मुळाची ओ-रिंग काढली तर हातात तुकडे आले, रबर वाळून काचेसारखं कडक. चार-पाच रुपयांची वस्तू. तिच्यासाठी वरचा वॉटर पंप काढायला लागतो म्हणून आधी कुणी काढली नसावी. पंप निघालाच होता तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक, बी बदलला, पुराच्या गाळानं त्याच्या पाती झिजून गोलसर झाल्या होत्या, आणि खालची उभ्या शाफ्टची सील टेस्टमध्ये चांगली होती तरी तीही टाकली. परत तेवढं खोलायची कुणाला हौस.

परत तीच टेस्ट, हौदातच. शाफ्ट फिरवून, गिअर टाकून-काढून, दोन्ही दिशेला. काटा हलला नाही. मग उलटी टेस्ट, ब्रेक ब्लीड करायचा हातपंप असतो गॅरेजवाल्याकडं त्यानं आतली हवा ओढून घेतली, कारण दाबाच्या टेस्टमध्ये तेलाकडचं सील तपासलं जातं, पाण्याकडच्या सीलचा खरा कस ओढल्यावरच लागतो. तेही धरलं.

तेल भरायचं खालनं. वरनं ओतलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटून अर्धं रिकामं राहतं. दोन्ही प्लग काढायचे, खालच्या भोकातनं पिचकारीनं दाबत राहायचं, वरच्या भोकातनं बुडबुडे येतात, मग फेस येतो, मग स्वच्छ तेल येतं, तेव्हा थांबायचं. आधी वरचा प्लग लावायचा आणि मगच खालची पिचकारी काढायची, वर बंद असलं की खालनं भसकन येत नाही, तेवढ्यात खालचा प्लग बसवायचा. हायपॉइड नव्वद नंबर आमच्याकडं ट्रॅक्टरवाल्याकडं मिळतं आणि ह्या जुन्या इंजिनाच्या पुस्तकात तेच लिहिलंय. पण मी मामांना बोटीचंच गिअर ऑइल आणायला लावलं, थोडं पाणी शिरलं तरी गंज धरू नये याची सोय त्यात असते, आणि लागतं तरी किती, अर्धा लिटरच्या आतच.

घाटावर बोट टाकली, पोरांनी थांबत-थांबत पार वरच्या बंधाऱ्यापर्यंत फिरवून आणली. रातभर उभी ठेवली, सकाळी खालचा प्लग ढिला केला, स्वच्छ तेल आलं, पिवळसर, पारदर्शक. वॉशर परत नवीन टाकला, मामा म्हणाले कालच टाकलाय की, तरी टाकला.

आता बोटीच्या पेटीत प्लगचे वॉशर, स्प्लिट पिना, एक इम्पेलर, ब्लेड आणि तो व्हॉल्व्हवाला प्लग ठेवलाय. पेटीची किल्ली मंडळाच्या खजिनदाराकडं असते आणि खजिनदार ३९ फूट झालं की पाव्हण्यांकडं कागलला निघतो, म्हणून मामांनी दुसरी किल्ली बनवून घेतलीय.